सांदणच्या सावलीत

माझ्या 1987 सालच्या डायरीत साम्रद या गावासमोर एकच शब्द लिहिलेला आहे : 'थकबाकी'.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझी बदली अकोले तालुक्यातल्या एका शाखेत झाली होती. तेव्हाच्या नगर जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा हा पश्चिमेकडचा, सह्याद्रीला टेकलेला तालुका. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दहा शेळ्या आणि एक बोकड, दुभती म्हैस, शिलाई मशीन, सायकल दुरुस्तीचं दुकान, अशी कर्जं वाटायची आणि पुढच्या वर्षी तीच वसूल करायला डोंगर चढायचे. मी वसुलीसाठी साम्रदला तीनदा गेलो. जीप जिथवर जाई तिथवर जीपने, पुढे पायी. तिन्ही वेळा खातेदार घरी नव्हते. साहेब येणार ही बातमी साहेबांच्या आधी पोचते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या गावापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर सह्याद्रीच्या कातळाला एक प्रचंड भेग पडलेली आहे, तिच्या तळाने चालत जाता येतं, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. ज्या माणसाच्या काखेत वसुलीची वही असते त्याला गाव वाटा दाखवत नाही.

ती भेग म्हणजे सांदण दरी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिचं नाव सगळीकडे झालं. आणि माझ्या अकरा वर्षांच्या नातीने मागच्या दिवाळीत जेव्हा फोटो पुढे करून "आजोबा, हे बघा, इथे जायचं का?" असं विचारलं, तेव्हा फोटोखालचं गावाचं नाव वाचून मी चष्मा पुसला.

"पाहिलंय मी हे गाव," मी म्हणालो.

"आणि ही दरी?"

"ती नाही पाहिली."

"म्हणजे मग काय पाहिलंत?" तिने विचारलं. प्रश्न साधा होता. उत्तर सदतीस-अडतीस वर्षं जुनं होतं.

डिसेंबरात आम्ही निघालो. मी, आमच्या सौभाग्यवती, मुलगा आणि नात. सूनबाईंना सुट्टी मिळाली नाही. माझा उजवा गुडघा गेली चार वर्षं नाराज आहे, तेव्हा मी वरूनच बघणार आणि बाकीचे उतरणार, असं घरच्या बैठकीत सर्वानुमते ठरलं. नाशिकहून घोटी, तिथून कळसूबाईच्या पायथ्याचं बारी आणि पुढे शेंडी. डावीकडे 1646 मीटरची कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आमच्याबरोबर बराच वेळ चालत होती. शेंडीला भंडारदऱ्याचं धरण. प्रवरेवरचा हा दगडी बांध इंग्रजांच्या अमदानीत 1926 साली पुरा झाला आणि तेव्हाचा गव्हर्नर विल्सन याचं नाव त्याला मिळालं. जलाशयाला वळसा घालत घाटघरच्या बाजूने आपण साम्रदला पोचतो. सगळा मुलूख 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. पावती नीट घडी करून खिशात ठेवताना माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. बँकेची सवय.

साम्रद जिथे वसलंय ती जागा मोठी मजेची आहे. गाव घाटमाथ्याच्या अगदी कडेवर. इथे पडलेला पावसाचा एक थेंब पूर्वेला वळला तर ओढ्यातून प्रवरेत जातो, प्रवरेतून गोदावरीत आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. त्याच ढगातला, हातभर अंतरावर पडलेला दुसरा थेंब पश्चिमेला वळला तर सांदणच्या घळीतून थेट कोकणात कोसळतो आणि अरबी समुद्राला मिळतो. दोन सख्खे भाऊ, एक पूर्वेला नांदायला गेला, एक पश्चिमेला. आणि पाऊस तरी किती! घाटघर-रतनवाडीच्या या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. तरीही एप्रिल-मे महिन्यात इथल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. सगळं पाणी दोन समुद्रांना वाटून टाकायचं आणि स्वतः तहानलेलं राहायचं, असा हा डोंगर.

उतरलो ते एका घरीच. या भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. सावकार आणि इंग्रज या दोघांविरुद्ध बंड उभारणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातले, देवगावचे. 1848 साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. कर्जाच्या कागदाशी या डोंगराचं नातं इतकं जुनं आहे. तरुणपणी वसुलीला येताना हा इतिहास मी वाचलेला नव्हता, हे एका परीने बरंच झालं. रात्री जीपमधून परतताना भीती वाटली असती.

सकाळी सात वाजता घरमालकांच्या पुतण्याने, पंचविशीच्या एका तरतरीत मुलाने, आम्हांला न्यायला सुरुवात केली. तोच आमचा वाटाड्या. पायात साधे रबरी बूट, खांद्यावर दोराचं वेटोळं. शेताच्या बांधावरून, हिरडा-जांभळाच्या झाडांतून वाट जाते आणि अचानक जमीन संपते. संपते म्हणजे खाली जाते. सांद म्हणजे फट. घरात आपण सांदीकोपरा म्हणतो, त्यातलीच ही सांद, फक्त घर सह्याद्रीचं. तोंडाशीच एक जिवंत झरा आहे. वाटाड्याने ओंजळ भरून पाणी प्यायलं आणि म्हणाला, "हितं हात-पाय धुवू नका बरं का. पेयाचं पाणी हाये."

मी वरूनच बघणार होतो. पण झऱ्यापाशी उभं राहून आत पाहिलं, तर आतून गार वाऱ्याचा एक झोत आला. आजोळच्या माजघरात उन्हाळ्यात शिरताना यायचा तसा. मी बूट घट्ट बांधले. आमच्या हिने फक्त "अहो..." एवढंच म्हटलं. त्या एका शब्दात पुढचं सगळं भाषण होतं. आयोडेक्सची बाटली पिशवीत आहे की नाही हे तिने तपासलं आणि ती घरमालकिणीशी गप्पा मारायला परत फिरली.

सांदण सुमारे दोन किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या काळ्या भिंती सरळ वर गेलेल्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा हा कातळ तयार झाला. त्या थरांच्या रेषा भिंतींवर आजही दिसतात, वहीच्या पानांसारख्या. कातळातल्या एखाद्या कच्च्या रेषेत पाणी शिरलं आणि दर पावसाळ्यात थोडं थोडं खरवडत राहिलं. पाण्याला घाई नव्हती. वर आभाळाची एक निळी पट्टी, कुठे रुंद, कुठे साडीच्या काठाएवढी. बाहेर ऊन चढत होतं, पण तळाशी ऊन येतं ते माध्यान्हीला, तेही थोडा वेळ. बाकी दिवसभर सावलीच. त्या सावलीला एक वास आहे, ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा. बोललं की आवाज भिंतींवर आपटून परत येतो, म्हणून माणसं आपोआप हळू बोलू लागतात. नातसुद्धा.

पायाखाली वाट अशी नाहीच. ट्रकएवढे, कपाटाएवढे, पाट्याएवढे धोंडे एकमेकांवर कलंडलेले. त्यांच्यावरून चढायचं, बसत उतरायचं, पुन्हा चढायचं. मी दोनदा घसरलो तेव्हा वाटाड्या मागे आला आणि माझा हात धरून म्हणाला, "बाबा, पाय टाकू नका. ठिवा."

पाय टाकू नका, ठेवा. सासष्ट वर्षं चालतो आहे, पण चालण्याविषयी इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. टाकलेला पाय घसरतो कारण त्याला खालचा दगड ठाऊक नसतो. ठेवलेला पाय आधी दगडाला विचारतो, मग भार देतो. पुढचा तासभर मी दर धोंड्याला विचारत गेलो. गुडघ्याने फारशी तक्रार केली नाही.

पहिलं पाणी लागलं ते मांडीपर्यंतचं. दोन्ही भिंतींच्या मध्ये साचलेलं, काचेसारखं स्वच्छ आणि अंगावर काटा आणणारं थंड. बाजूने जायला जागा नाही, आत उतरावंच लागतं. तळ गुळगुळीत दगडांचा, त्यामुळे पाय उचलायचा नाही, सरकवत न्यायचा. पुढे दुसरं पाणी. हे खोल. हिवाळ्यात छातीपर्यंत सहज येतं. वाटाड्याने पिशव्या डोक्यावरून पलीकडे नेल्या, नातीला खांद्यावर बसवून नेलं, ती वरून मला हात करत होती. मुलगा गेला. मग तो माझ्यासाठी परत आला आणि हात पुढे केला.

मी पाण्यात उतरलो. कमरेपर्यंत आलं, मग छातीला लागलं, आणि श्वास अडकला. पायाखालचा दगड हलला. क्षणभर, खरंच क्षणभरच, मी जागच्या जागी खिळलो. पुढे पाऊल टाकवेना, मागे वळवेना. साचलेलं, न हलणारं पाणी. सोबत दोन तरणे पुरुष. डिसेंबरची सकाळ. तरी भीती वाटली.

आणि तिथे, त्या पाण्यात उभं असताना, मला शेळीचा कान आठवला.

सांगतो. कर्जाच्या शेळ्यांचा विमा उतरवलेला असे. शेळीच्या कानात एक बिल्ला ठोकलेला असे. शेळी मेली तर बिल्ल्यासकट कान कापून, ठरलेल्या मुदतीत, पंचनाम्यासह शाखेत आणायचा. नाहीतर भरपाई नाही. नियम साधा होता. शहरात बसून केलेले सगळे नियम साधेच असतात. 1988 सालच्या ऑगस्टमध्ये या डोंगरातला एक म्हातारा शाखेत आला. अंगावर घोंगडी, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याने पळसाच्या पानांतलं पुडकं माझ्या टेबलावर सोडलं. आत कान होता. बिल्लाही होता. पण शेळी मरून बरेच दिवस झाले होते आणि वासाने शिपाई बाहेर निघून गेला. मी मुदत मोजली. मुदत टळली होती.

"उशीर का झाला?" मी विचारलं.

"सायेब, वढं उतरलं न्हाईत," तो म्हणाला.

ओढे उतरले नाहीत. शाखेचं गाव त्याच्या वाडीपासून दिवसभराच्या चालीवर, आणि मध्ये किती ओढे, कोण जाणे. मी छत्री घेऊन शाखेत जाणारा माणूस. माझ्या लेखी ओढा म्हणजे पुलाखालचं पाणी. मी त्याच्या अर्जावर लाल शाईने लिहिलं : 'विलंबाचे कारण समाधानकारक नाही.' खाली सही केली. सही तेव्हा फार झोकदार होती माझी. म्हाताऱ्याने पुडकं पुन्हा बांधलं आणि नेलं. ते का नेलं, हे मला आजवर कळलेलं नाही. कर्ज अर्थातच त्याच्या नावावर राहिलं. 1990 साली केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची ग्रामीण कर्जं माफ केली, त्यात ते सुटलं असेल. तोवर माझी बदली झाली होती आणि मी मागे वळून चौकशी केली नाही.

नंतर मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत गरीब माणसं आली, डोंगर आले, पाऊस तर पानापानावर आला. शेळीचा कान कुठेच आला नाही. आता छातीभर, शांत पाण्यात, दोघांचा आधार असताना माझे पाय थिजले होते. आणि तो एकटा, ऑगस्टातल्या तांबड्या, लोंढ्याच्या पाण्याच्या काठावर बसून राहिला होता. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत. हातात पुडकं.

"बाबा, या. हात द्या," वाटाड्या म्हणाला. मी हात दिला.

पुढचा प्रवास मी फारसं न बोलता केला. दरी हळूहळू उतरत जाते आणि एका ठिकाणी एकदम संपते. समोर काहीच नाही. खाली कोकण, निळसर धुरकट, देहेण्याच्या बाजूची जंगलं आणि शेताचे तुकडे. साधनं आणि जाणकार माणसं असलेले गिर्यारोहक इथून दोरावर पुढे उतरतात. आम्हा घरगुती मंडळींनी इथूनच परत फिरायचं. समोर एक भलाथोरला डोंगर उभा होता. नातीने त्याचं नाव विचारलं.

"आजोबा," वाटाड्या म्हणाला.

तिला वाटलं, तो मला हाक मारतोय. पण डोंगराचंच नाव आजोबा. तिथे वाल्मीकी ऋषींचा आश्रम होता, सीतामाई तिथे राहिली आणि लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणत, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. नातीने डोंगराकडे पाहिलं, मग ओल्या कपड्यांत कुडकुडणाऱ्या माझ्याकडे. "तुमच्यापेक्षा ते जास्त सरळ बसलेत," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर खोल पाण्याशी आलो, तेव्हा मात्र तिने खांद्यावर बसायच्या आधी माझ्याकडे वळून बजावलं, "आजोबा, टाकू नका, ठेवा."

दुपारी घरी पोचलो तर ओसरीवर आमच्या हिची आणि घरमालकिणीची मैफल रंगली होती. नागलीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मी दरी पाहून आलो होतो, आणि हिने ओसरीवर बसून गाव पाहिलं होतं. उन्हाळ्यात गावाला पाण्याची किती ओढाताण होते, तेव्हा सांदणच्या तोंडाशी असलेल्या त्या झऱ्याचा केवढा आधार वाटतो, आणि सुट्टीच्या दिवशी काही पाहुणे तिथेच साबण लावून आंघोळी उरकतात, हे तिला कळलं होतं. सकाळी वाटाड्या "पेयाचं पाणी हाये" म्हणाला, त्यामागे हे सगळं होतं. आम्ही ते सूचना म्हणून ऐकलं. ती विनंती होती.

पण दुसरी बाजूही घरमालकिणीनेच सांगितली. पूर्वी भात निघालं की माणसं मजुरीला बाहेर पडायची. आता दिवाळीपासून मेपर्यंत पाहुणे येतात, आणि पावसाच्या तोंडावर काजवे बघायला तर रीघ लागते. जेवण, राहणं, वाट दाखवणं, यावर गावातल्या कितीतरी घरांना चार पैसे मिळतात. पोरं घरी राहतात. मी ऐकत होतो. कर्जाच्या अर्जात एक रकाना असे : 'तारण'. या गावच्या अर्जांत त्या रकान्यात काय भरायचं, हा आम्हांला नेहमी पडणारा प्रश्न. वरकस जमीन, कुडाचं घर, दोन बैल. दहा मिनिटांवर सांदण होती. पण तिला सातबारा नव्हता, म्हणून आमच्या हिशेबी ती नव्हतीच.

तुम्ही जाणार असाल तर आणखी थोडं सांगतो. पावसाळ्यात सांदणमध्ये पाऊलही ठेवू नये. घाटमाथ्यावरचं सगळं पाणी त्याच सांदीतून धावतं, आणि त्या भिंतींत वर पळायला वाट नाही. त्या दिवसांत प्रवेश बंदच असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्ये आतलं पाणी ओसरतं, वाट सोपी होते, पण वळवाचा भरवसा नाही. पश्चिमेला ढग जमले की परत फिरावं. सकाळी लवकर निघावं. बुटांचे तळवे दगड धरणारे असावेत, एक कोरडा कपड्यांचा जोड असावा. गावातलाच वाटाड्या घ्यावा आणि त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करू नये. जो हात खोल पाण्यात आपल्याला धरणार आहे, त्याच्याशी काठावर व्यवहार जपूनच करावा. प्लास्टिकचा कपटाही मागे राहू नये. आणि झऱ्यावर फक्त तहान भागवावी.

निघताना मी धीर करून वाटाड्याला त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं. नाव मला आठवत होतं. आडनावही. त्याने थोडा विचार केला, घरात जाऊन चुलत्यांना विचारून आला. या गावात त्या नावाचं कोणी नव्हतं. बाजूच्या एखाद्या वाडीतला असेल, म्हणाला. कादंबरीत हा प्रसंग असता तर हा मुलगा त्या म्हाताऱ्याचा नातू निघाला असता, आणि माझी सुटका झाली असती. तसं झालं नाही. म्हाताऱ्याची माफी मागायला म्हातारा उरला नव्हता आणि त्याचं कोणी सापडलंही नाही.

घरी आल्यावर 1987-88 च्या डायऱ्या काढल्या. साम्रदसमोरचा 'थकबाकी' हा शब्द खोडला नाही. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये, चूक असेल तर खाली दुरुस्तीची नोंद करावी, असं आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी ऑगस्ट 1988 चं पान काढलं आणि खाली लिहिलं :

'ओढे उतरले नव्हते. विलंबाचे कारण समाधानकारक.'

आणि सही केली. आता ती तितकी झोकदार येत नाही.